फवारा उंच, पाणी उथळ

नवी एसयूव्ही बाजारात येते तेव्हा तिच्यासोबत एक छायाचित्र हमखास येते. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधून वाहणारा ओढा आणि त्या ओढ्यातून समोर येणारी गाडी. चाकांपासून पाण्याचे पांढरे पंख दोन्हीकडे उडालेले, बॉनेटवर थेंब, आतला चालक निवांत. छायाचित्राखाली फारसा मजकूर नसतो. त्याची गरजही नसते. या गाडीला नदी अडवू शकत नाही, एवढेच सांगायचे असते आणि ते सांगून झालेले असते.

असे जंगल आणि असे नाले चंद्रपूर-गडचिरोलीत पावलोपावली आहेत. फरक इतकाच, की इथे नदी खरोखर अडवते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड हे तालुक्याचे गाव इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. आलापल्लीहून येणारा रस्ता हेमलकसा मागे टाकून पर्लकोटेवरच्या पुलाने गावात शिरतो. पावसाळ्यात या नदीवरचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला, की भामरागडचा जिल्ह्याशी संपर्क तुटला, ही बातमी वर्षानुवर्षे छापून येत आहे. पुलाच्या अलीकडे मग एसटी, ट्रक, काळी-पिवळी आणि नव्याकोऱ्या एसयूव्ही एकाच रांगेत उभ्या राहतात.

या रांगेत प्रश्न एकच असतो. समोरचे पाणी ‘टोंगळाभर’च दिसते आहे, आपली गाडी तर नदीसाठीच बनवलेली आहे, मग घालायची का? जाहिरातीतले छायाचित्र या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे देते. भौतिकशास्त्र देत नाही.

आकड्यामागची अट

खडतर रस्त्यांसाठीच्या गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘पाण्यातून जाण्याची क्षमता’ असा एक आकडा असतो. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रा थारचे नवे रूप ऑक्टोबर २०२० मध्ये आले आणि पाच दारांची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये. त्यांच्यासाठी हा आकडा ६५० मिलिमीटर, म्हणजे ६५ सेंटिमीटर आहे. लँड रोव्हर डिफेंडरचे उदाहरण आणखी बोलके आहे. जुन्या डिफेंडरची ही क्षमता ५० सेंटिमीटर होती. तिचे उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबले. संपूर्ण नव्या आराखड्याची डिफेंडर सप्टेंबर २०१९ मध्ये जगासमोर आली, तेव्हा हा आकडा ९० सेंटिमीटरवर गेला होता.

आकडे खोटे नाहीत. पण ते नेमके कशाचे आहेत, हे समजून घ्यायला हवे. इंजिनाला हवा लागते आणि ती ज्या तोंडातून आत जाते तिथे पाणी शिरले, की खेळ संपतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी आले की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि आतला दांडा वाकतो. डिझेल इंजिनात दाब मुळातच जास्त असल्याने नुकसानही मोठे होते. म्हणून हवेचे तोंड, विजेच्या जोडण्या आणि अॅक्सलला हवा देणाऱ्या नळ्या किती उंचीवर आहेत, यावरून क्षमतेचा आकडा ठरतो. थोडक्यात, तळ पक्का असेल, पाणी जवळजवळ स्थिर असेल आणि गाडी माणसाच्या चालीने हळू नेली, तर अमुक उंचीपर्यंत इंजिन बंद पडणार नाही, इतकाच त्याचा अर्थ.

वाहते पाणी गाडीला ढकलून नेईल की नाही, याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही. हवा ओढण्यासाठी छतापर्यंत नळी बसवली, तरी त्यात बदल होत नाही. त्या नळीने गाडीचे नाक उंच होते. पाय रोवले जात नाहीत.

आता पुन्हा छायाचित्राकडे पाहू. पाण्याचे उंच पंख केव्हा उडतात? चाक वेगात असेल आणि पाणी वीतभरच असेल तेव्हा. खोल पाण्यात गाडी वेगाने घातली, तर पंख उडण्याऐवजी बंपरसमोर पाण्याची भिंत उभी राहते आणि ती बॉनेटवरून चढून येते. म्हणूनच खोल पाण्यातून गाडी काढणारे अनुभवी चालक वेग अगदी कमी ठेवतात. त्यांच्या गाडीपुढे एक संथ लाट चालत असते आणि फवारा जवळजवळ दिसत नाही. पण असे छायाचित्र कंटाळवाणे दिसते, म्हणून ते जाहिरातीत सहसा येत नाही. छायाचित्रात फवारा जितका उंच, तितके पाणी उथळ असण्याची शक्यता जास्त, एवढी खूणगाठ वाचकाने बांधून ठेवायला हरकत नाही.

छायाचित्रात आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे तयारी. अशा चित्रणासाठी तळ आधी पाहून ठेवता येतो, हवामान निवडता येते, दृश्य पुन्हा पुन्हा घेता येते. कॅमेरा पाण्यालगत ठेवला की गाडी मोठी आणि ओढा रुंद दिसतो. धोकादायक कसरती दाखवताना प्रेक्षकांना सावध करणारी सूचना द्यावी, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेत आहे. ती सूचना बारीक अक्षरांत तळाशी येते. डोळ्यांत मात्र फवारा राहतो.

गाडी होडी कशी होते

दोन टन लोखंड तरंगेल कसे, असा प्रश्न रांगेतल्या कुणालाही पडेल. उत्तर शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला वर उचलतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते. गाडी म्हणजे तरी काय, हवेने भरलेला एक मोठा डबाच.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, गाडीचे वजन १,८०० किलो आहे आणि तिचा तळ जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच आहे. इंजिनाच्या भागात आणि चाकांच्या खोबणीत पाणी शिरते, म्हणून तेवढा भाग वगळू आणि पाणी बाजूला सारणाऱ्या तळाचे क्षेत्रफळ पाच चौरस मीटर धरू. तळाला पाणी लागल्यानंतर ते दर १० सेंटिमीटर वाढले, की अर्धा घनमीटर पाणी बाजूला सारले जाते. म्हणजे चाकांवरचे वजन ५०० किलोंनी घटते. पाणी ५० सेंटिमीटर असताना १,८०० किलोंची गाडी रस्त्यावर १,३०० किलोंचाच भार टाकते. ६० सेंटिमीटरला तो ८०० किलो उरतो. ७५ सेंटिमीटरच्या आसपास चाके रस्ता सोडतात. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या मांडीपर्यंत पाणी आलेले असते, तेव्हा ही गाडी होडी झालेली असते. आणि या होडीला ना वल्हे असते, ना सुकाणू.

हा हिशेब कागदावरचाच नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेत खऱ्या गाड्या पाण्याच्या टाकीत ठेवून चाचण्या घेतल्या गेल्या. सुमारे एक टन वजनाची छोटी टोयोटा यारिस अवघ्या १५ सेंटिमीटर पाण्यात, ताशी ३.६ किलोमीटरच्या प्रवाहाने सरकली आणि ६० सेंटिमीटरला तरंगू लागली. अडीच टनांची निसान पेट्रोल ही मोठी चारचाकी-चालनाची गाडी तशाच प्रवाहात ४५ सेंटिमीटर पाण्यात अस्थिर झाली आणि ९५ सेंटिमीटरला पूर्ण तरंगली. त्यानंतर तिला थोड्याशा जोराने ढकलता येत होते. ४५ सेंटिमीटर म्हणजे जवळपास टोंगळाभरच पाणी.

इथे नव्या आराखड्यांमुळे एक विसंगती तयार झाली आहे. जुन्या उघड्या जीपच्या तळाला फटी असत, दारे कापडी असत. पाणी लगेच आत येई, पाय भिजत; पण आत आलेले पाणी उचलण्याचा जोर कमी करी. नव्या गाडीत धूळ, आवाज आणि पाणी आत येऊ नये म्हणून दारांना रबराच्या जाड पट्ट्या आणि तळाला चोख बंदिस्ती असते. प्रवास सुखाचा होतो, त्यात वाद नाही. पण बाहेरचे पाणी आत यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ गाडी रिकाम्या डब्यासारखी वर उचलली जाते. शिवाय बसणाऱ्याचे पाय कोरडे राहतात, त्यामुळे बाहेर पाणी किती चढले आहे, याचा अंदाजही त्याला उशिरा येतो.

ताडोबात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सीचे वजन एक टनाच्या आसपास आहे. हलकी असल्यामुळेच ती चिखलात रुतत नाही आणि जंगलातल्या वाटांवर तिची ख्याती आहे. चिखलात जो गुण, तोच वाहत्या पाण्यात दोष ठरतो. ‘कुठेही जाणारी गाडी’ या तीन शब्दांत चिखल, वाळू, दगड आणि पूर यांची सरमिसळ होते. निसर्गात ती होत नाही.

वेग दुप्पट, जोर चौपट

पाणी स्थिर असेल तर गाडी तरंगण्याचाच प्रश्न असतो. पाणी वाहते असेल तर त्याआधीच संकट ओढवते, कारण आडवा जोर सुरू होतो. या जोराचा नियम साधा पण निर्दय आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट.

वरच्याच गाडीचा हिशेब पुढे नेऊ. पाणी ६० सेंटिमीटर आहे आणि ते गाडीच्या कुशीवर आदळते आहे. प्रवाह सेकंदाला एक मीटर असेल, तर गाडीवर साधारण ८० किलो वजनाएवढा आडवा जोर येतो. दोन मीटरला तो ३२० किलोंवर जातो, तीन मीटरला ७२० किलोंवर. समोर टायरची पकड किती? ओल्या, गाळाने माखलेल्या सिमेंटवर ती चाकांवरील भाराच्या तीस टक्के धरली, तर उरलेल्या ८०० किलोंवर ती २४० किलो भरते. म्हणजे सेकंदाला दोन मीटरच्या प्रवाहात गाडी जागा सोडते. दोन मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी सात किलोमीटर, माणसाच्या झपझप चालण्याहून थोडा जास्त वेग. पावसाळी नाल्याला तो सहज असतो.

चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा यात मदत करत नाही, कारण ती गाडीला पुढे ढकलते. बाजूला सरकण्यापासून धरून ठेवत नाही. टायरला पकड नसेल तर चार चाकांची ताकद आणि दोन चाकांची ताकद सारखीच वाया जाते.

जुलै २०२२ मध्ये विदर्भाने याची किंमत मोजली. नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात नांदा गोमुख येथे पुराचे पाणी वाहत असलेल्या पुलावर घातलेली एक मोठी एसयूव्ही प्रवाहात गेली. गाडीत मध्य प्रदेशातील एक कुटुंब होते. काठावरच्या लोकांनी टिपलेले ते दृश्य राज्यभर पाहिले गेले. त्याच महिन्यात गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात, आलापल्ली-भामरागड मार्गावरील पेरमिलीजवळच्या नाल्यात प्रवाशांसह ट्रक वाहून गेला. दोन्ही घटनांत जीव गेले. ट्रकही जातो, हे लक्षात घेतले तर ‘आपली गाडी जड आहे’ या भरवशात किती दम आहे, ते कळते.

डोळ्यांची फसगत

गाडी आणि पाणी यांच्याबरोबर तिसरा घटक असतो, चालकाचा मेंदू. पुराचे पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही. कालपर्यंत ज्या रपट्यावरून शंभर वेळा ये-जा केली, तो आजही तसाच असेल, असे मेंदू गृहीत धरतो. प्रत्यक्षात प्रवाहाने कडेचा भराव खाल्लेला असतो, सिमेंटचा तुकडा निघालेला असतो किंवा मधोमध ओंडका अडकलेला असतो. वरून पाहणाऱ्याला मात्र एकसारखी सपाट तपकिरी चादर दिसते.

दुसरी फसगत त्याहून विचित्र आहे. स्थानकात आपली गाडी उभी असताना शेजारची गाडी सुटली, की क्षणभर आपणच निघाल्यासारखे वाटते. पाण्यात असेच होते. चारी बाजूंनी पाणी एका दिशेने वाहत असले, की चालकाला आपली गाडी उलट दिशेला सरकते आहे असा भास होतो. तो नकळत स्टिअरिंग वळवतो. ज्या रपट्याला कठडा नाही आणि कडा पाण्याखाली आहेत, तिथे दोन फुटांची चूक पुरेशी असते.

तिसरी गोष्ट संगतीची. एक वाहन पार गेले, की मागच्यांना धीर येतो. पण पाणी तेवढ्या वेळात चार बोटे वाढलेले असू शकते आणि आधी गेलेले वाहन वेगळ्या वजनाचे, वेगळ्या उंचीचे असते. मोठ्या गाडीत बसलेल्याला रस्ता उंचावरून दिसतो, खालचे पाणी लहान वाटते. त्यात जाहिरातीतले दृश्य मनात आधीच घर करून बसलेले असते. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पितीत रस्त्यावरची वाहतूक कोंडी टाळण्यासाठी एका पर्यटकाने आपली थार चंद्रा नदीच्या पात्रातून नेली. गाडी पार गेली आणि पोलिसांनी दंड केला. तो हिवाळा होता, नदीला पाणी कमी होते. त्या दृश्याने किती जणांना भलता धडा शिकवला असेल, याचा विचार मात्र दंडाच्या पावतीत मावत नाही.

दोन पूर, दोन धोके

चंद्रपूर-गडचिरोलीत पूर एकाच प्रकारचा येत नाही. जंगलातल्या टेकड्यांवर जोरदार सर आली, की नाला तासा-दोन तासांत भरतो आणि तितक्याच लवकर उतरतो. त्याचा धोका वेगाचा. पाऊस वर जंगलात पडलेला असतो, रपट्यावर ऊनही असू शकते. त्यामुळे पाणी अचानक आल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी थांबण्याची किंमत बहुधा काही तासांचीच असते.

मोठ्या नद्यांचा पूर वेगळा. इंद्रावती फुगली की तिला मिळणाऱ्या पर्लकोटेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो आणि भामरागडच्या बाजारपेठेपर्यंत पाणी चढते. हे पाणी संथ दिसते, पण ते खोल असते आणि दिवसेंदिवस हटत नाही. इथला धोका वेगाचा कमी आणि तरंगण्याचा जास्त. वैनगंगा, वर्धा आणि इरई यांच्या काठांवरही वरच्या धरणांतून विसर्ग वाढला, की स्थानिक पाऊस नसताना पाणी चढते. म्हणून ‘पाऊस थांबला, आता पाणी उतरेल’ हा अंदाज नाल्याला लागू पडतो. नदीला पडेलच असे नाही. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंद मार्गांची यादी जाहीर करते, ती निघण्यापूर्वी पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

जेसीबी का गेला?

जुलै २०२४ मध्ये भामरागड तालुक्यातील कुडकेली येथील एका गर्भवतीला दवाखान्यात न्यायचे होते. पुलाचे काम सुरू असलेल्या नाल्यावर पर्यायी रस्ता पाण्याने बिघडला होता. रुग्णवाहिका पार होऊ शकत नव्हती. शेवटी तिला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला ओलांडावा लागला आणि पलीकडे थांबलेल्या रुग्णवाहिकेतून पुढे नेण्यात आले. हे दृश्यही सगळीकडे पोहोचले.

जिथे रुग्णवाहिका अडली तिथून जेसीबी गेला, यामागे तेच विज्ञान आहे. जेसीबी सात टनांहून जड असतो. त्याचे खालचे अंग उघडे असते, पाणी चाकांच्या आणि सांगाड्याच्या मधून निघून जाते. बंद डबा नसल्याने उचलणारा जोर फारसा तयार होत नाही. ट्रॅक्टरही याच कारणाने नाल्यात एसयूव्हीपेक्षा टिकून राहतो. पण म्हणून जेसीबी हे रुग्ण नेण्याचे साधन ठरत नाही. तळ खचलेला असेल किंवा पाणी आणखी वेगवान असेल, तर तोही कलंडतो. आणि बकेटमध्ये कळा सोसणाऱ्या बाईला धरायला काही नसते. त्या दिवशी ते जमले, एवढाच त्याचा अर्थ.

खाटेची कावड करून रुग्णाला नाल्यापर्यंत आणणे आणि डोंग्यातून पलीकडे नेणे या भागाला नवे नाही. त्यामुळे इथले खरे उत्तर जास्त ताकदीच्या वाहनात नाही, हे आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखानाच जंगलात नेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९०च्या दशकात त्याहून पुढचे पाऊल टाकले. गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि आरोग्यसेवा घरापर्यंत आणली. गडचिरोलीच्या ३९ गावांतील या प्रयोगात नवजात बालकांचा मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास प्रसिद्ध केला.

शासनाची ‘माहेरघर’ योजनाही याच विचाराची आहे. दुर्गम गावातील गर्भवतीने प्रसूतीच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्रात येऊन राहावे, म्हणजे कळा सुरू झाल्यावर नाला ओलांडण्याची वेळ येत नाही. पावसाळ्यात प्रसूतीची तारीख असलेल्या महिलांची यादी आशाताईंकडे असते. ज्या घरात अशी बाई आहे, त्या घराने पहिल्या मोठ्या पावसाची वाट न पाहता ही सोय घेणे, हा कोणत्याही गाडीपेक्षा भरवशाचा उपाय आहे. रोजची औषधे घेणाऱ्या रक्तदाब, मधुमेह, फिट्स किंवा सिकलसेलच्या रुग्णांनाही हेच लागू आहे. रस्ता किती दिवस बंद राहू शकतो, त्याचा अंदाज गावाला असतो. तितक्या दिवसांचा साठा घरात हवा.

गाडी पाण्यात सापडलीच तर

इतके करूनही एखादा प्रसंग येऊ शकतो. अंधारात पाणी दिसले नाही, वळणावर रस्ताच नव्हता, असे घडते. अशा वेळी पहिला एक मिनिट सर्वांत मोलाचा. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी पाण्यात पडलेल्या गाड्यांतून सुटका कशी करावी, यावर बरेच प्रयोग केले आहेत. त्यांचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे : पट्टे सोडा, खिडकी उघडा, बाहेर पडा, आणि मुलांना आधी बाहेर काढा.

भर खिडकीवर आहे, दारावर नाही. बाहेरचे पाणी दाराच्या अर्ध्या उंचीपर्यंत आले, की दारावर शंभर-दीडशे किलोंचा दाब येतो आणि ते आतून उघडता येत नाही. शिवाय दार उघडले तर पाणी एकदम आत येते. काच मात्र पाणी तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी खाली करता येते. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात काही काळ चालतात, पण त्या भरवशावर राहू नये. मदतीसाठी फोन लावण्यात हा मिनिट घालवला, तर पुढे काच उघडेनाशी होते. आधी बाहेर, मग फोन. नंतर ११२ किंवा १०८.

प्रवाहात इंजिन बंद पडले आणि गाडी अजून टेकलेली असेल, तर ते पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप करू नये. खिडकीतून बाहेर पडून छतावर जाणे, ही बहुतेक वेळा आतल्यापेक्षा बरी जागा. काठावरून पाहणाऱ्यांनी मदतीसाठी थेट पाण्यात उडी घेऊ नये. दोर, बांबू, हवा भरलेली ट्यूब फेकावी. वेगवान प्रवाहात पायाच्या घोट्याइतके, म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते.

पाण्यातून सुखरूप निघालेल्या गाडीचेही ब्रेक ओले असतात. पहिले काही मीटर हळू जाऊन ते दाबून वाळवावे लागतात, नाही तर पुढच्या उतारावर दुसरा अपघात वाट पाहत असतो.

काठावरचा शहाणपणा

अमेरिकेच्या हवामान सेवेने अनेक वर्षे एकच सूचना लोकांच्या मनावर बिंबवली आहे : मागे वळा, बुडू नका. त्यांच्या सांगण्यानुसार फूटभर पाणी छोटी गाडी उचलते आणि दोन फूट वाहते पाणी एसयूव्ही व पिकअपसह बहुतेक वाहने नेते. दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर. माहितीपत्रकात अभिमानाने छापलेल्या ६५ सेंटिमीटरपेक्षा ते कमीच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चांगल्या एसयूव्हीचे गुण खोटे नाहीत. उखडलेला रस्ता, चिखल, दगडांचा चढ यांवर ती खरोखर कामाला येते आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अशा वाहनांनी अनेकांना वेळेवर दवाखान्यात पोहोचवलेही आहे. पण रपट्यावरून पाणी वाहत असताना तिची किंमत, तिची ताकद आणि तिचे छायाचित्र यांतले काहीच उपयोगी पडत नाही. पाण्याला फक्त तीन गोष्टी कळतात : वजन, आकार आणि वेग.

पर्लकोटेच्या काठी राहणारे लोक पाणी पाहून ठरवतात, गाडी पाहून नाही. पुलाच्या कठड्याचा कितवा दगड बुडाला, यावर त्यांचे लक्ष असते. तो दगड पुन्हा दिसेपर्यंत ते चहाच्या टपरीवर बसून राहतात. बाहेरून आलेल्या चालकाला ती दिरंगाई वाटते. ती गाडी चालवण्याचीच एक रीत आहे.